पहिली फेरी घरच्या माणसाची

लिफ्ट बंद पडली की लोक आधी बटणावर राग काढतात, मग वॉचमनवर, आणि मेकॅनिक आला की मेकॅनिकवर. आत्याच्या बाबतीत मात्र हा तिसरा राग जरा उशिरा यायचा, कारण मेकॅनिक आलाय हेच कुणाच्या लक्षात यायचं नाही. "मेकॅनिक कधी येणार?" असं लोक तिलाच विचारायचे. सुरुवातीला ती "मीच ती" असं सांगायची. पुढे तिनं तो नाद सोडला. "येतोय मागून," म्हणायची, पेटी उचलून वर जायची, लिफ्ट चालू करायची आणि खाली येऊन त्याच माणसाला अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारायची, "आला का हो तो?" माणूस म्हणायचा, "अजून पत्ता नाही." मग ती त्याच्यासमोर लिफ्टचं दार उघडून आत जायची आणि एक चक्कर मारून परत यायची. त्याचा चेहरा बघण्यासाठी तिनं जेवणाची सुट्टीसुद्धा वाया घालवली असती.

तिला हक्कानं आत्या म्हणणारी जगात एकच पोर होती, तिच्या दादाची मुलगी. पण ती पोर लहानपणी एकदा वर्कशॉपात आली आणि "आत्या, आत्या" करत इतकी बागडली की सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. उस्ताद, म्हणजे वर्कशॉपातले सगळ्यात जुने मेकॅनिक, तिच्या बापाच्या वयाचे. तेही म्हणू लागले, "ए आत्या, तो मोठा पाना दे." ज्या पोरीमुळे हे झालं तिला घरात बटण म्हणायचे. बाप शिंपी, पोर गोल आणि छोटी, दुसरं काय नाव पडणार?

आत्या या धंद्यात कशी आली, याच्या दोन गोष्टी आहेत. एक दादा सांगायचा, दुसरी खरी होती.

दादाची गोष्ट अशी: लहानपणी दोघं एका नातेवाइकांकडे गेलेली असताना लिफ्टमध्ये अडकली. धाकट्या बहिणीनं भोकाड पसरलं. दादानं तिला कडेवर घेतलं, डोळे पुसले, धीर दिला. ही गोष्ट त्यानं घरी, दुकानात, लग्नकार्यात, जिथं चार माणसं जमतील तिथं सांगितली. खरी गोष्ट एवढीच की दादा कोपऱ्यात गुडघ्यांत तोंड घालून असा रडत होता की त्याला उचकी लागली, आणि ती मान वर करून छताकडे बघत होती. तेवढ्यात छतातलं झाकण सरकलं. नाकाला तेल लागलेला एक चेहरा उलटा लोंबकळत आत डोकावला आणि म्हणाला, "कोण आहे रे आत?" ती म्हणाली, "मी आहे. वर काय आहे?" त्या माणसानं बॅटरीचा झोत वर मारला. जाड दोर अंधारात सरळ वर गेलेले तिनं पाहिले आणि तिचं ठरलं.

एवढी वर्षं तिनं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. दयेपोटी? छे! असलं हत्यार कुणी एका दिवसात वापरून संपवतं का?

दादा त्या दिवसापासून लिफ्टमध्ये चढला नाही. विचारलं तर म्हणायचा, "जिना चढावा माणसानं. व्यायाम होतो." गिऱ्हाइकांचे कोट खांद्यावर टाकून तो मजल्यामागून मजले चढायचा आणि वर पोचेपर्यंत त्याला इतका दम लागलेला असायचा की तोंडातून शब्द फुटायचा नाही. त्यामुळे उंच इमारतींमध्ये राहणाऱ्यांत तो मितभाषी म्हणून प्रसिद्ध होता. घरच्यांना हे ऐकून हसू आवरायचं नाही.

आत्याला शिकाऊ म्हणून घेताना उस्तादांनी एकच प्रश्न विचारला होता, "पाना उचलता येतो का?" ती म्हणाली, "येतो." उस्ताद म्हणाले, "मग उचल." झालं. पण नव्या माणसाची खोडी काढायची वर्कशॉपात जुनी रीत होती, आणि ती मुलगी आहे म्हणून तिला त्यातून सूट मिळाली नाही.

खोडी अशी. लिफ्टच्या डब्याच्या टपावर एक स्विच असतो. मेकॅनिक टपावर उभा राहून काम करताना तो 'तपासणी'कडे फिरवतो. मग आतल्या किंवा मजल्यावरच्या कुठल्याही बटणाला लिफ्ट दाद देत नाही. ती फक्त टपावरच्या दोन बटणांचं ऐकते, आणि तेही मुंगीच्या चालीनं. काम संपलं की स्विच परत फिरवायचा. विसरलात तर लिफ्ट ठणठणीत असूनही जागची हलत नाही, आणि दुसरा मेकॅनिक येऊन मोटर, वायरी, दारं सगळं उचकटत बसतो. ही चूक फक्त लिफ्टवालाच करू शकतो, आणि प्रत्येक लिफ्टवाल्यानं ती एकदा तरी केलेली असते. तर आत्याच्या पहिल्याच आठवड्यात तो स्विच मुद्दाम फिरवून ठेवला आणि तिला सांगितलं, "जा, फॉल्ट शोध."

ती सकाळपासून शोधत राहिली. वरच्या मशीनच्या खोलीत गेली, खाली खड्ड्यात उतरली, दारांची कुलपं तपासली. खाली सगळे चहा पीत गालातल्या गालात हसत होते. दुपार कलल्यावर तिला टपावरचा तो स्विच दिसला. तिनं तो फिरवला. लिफ्ट चालू झाली. खाली येऊन ती पडेल चेहऱ्यानं म्हणाली, "उस्ताद, चालू झालीय, पण कशी ते कळत नाही. तुम्ही सगळे एकदा बसून बघता का?"

उस्ताद आणि मंडळी मिशांवर ताव देत आत शिरली. आत्या एक मजला वर चढून, तिथलं दार उघडून केव्हाच टपावर जाऊन बसली होती. तिनं स्विच फिरवला आणि लिफ्ट मुंगीच्या चालीनं वर नेली, खाली आणली, पुन्हा वर नेली आणि दोन मजल्यांच्या मधोमध उभी केली. मग छतातलं झाकण सरकवून तिनं आत डोकावून विचारलं, "सापडला का हो फॉल्ट?" उस्तादांनी आधी दटावलं, मग समजावलं, शेवटी हात जोडले. दुसऱ्या दिवसापासून तिच्या चहात उस्ताद स्वतः साखर घालू लागले.

शिक्षण संपलं की स्वतःची किल्ली मिळायची. तिकोनी तोंडाची, बोटाएवढी. ती लावली की मजल्यावरचं लिफ्टचं दार बाहेरून उघडतं, म्हणून ती हरकुणाच्या हातात देत नाहीत; तोवर शिकाऊ माणसानं उस्तादांचीच मागून वापरायची. ही किल्ली देण्याची उस्तादांची पद्धत होती. शिकाऊ माणसानं एक बंद पडलेली जुनी लिफ्ट स्वतः दुरुस्त करायची. मग पहिली फेरी त्याच्या घरच्या माणसानं करायची, एकट्यानं, तळापासून शेवटच्या मजल्यापर्यंत. उस्ताद वर किल्ली घेऊन उभे. घरच्या माणसानं किल्ली घ्यायची, खाली आणायची आणि आपल्या हातानं नव्या मेकॅनिकला द्यायची. "ज्या लिफ्टमध्ये आपलं माणूस बसवताना छातीत धस्स होतं, ती दुरुस्त झालेली नाही," असं उस्ताद सांगायचे.

आत्यानं अर्थातच दादाचं नाव दिलं होतं. दादा आला नाही. निरोप आला, "गिऱ्हाईक आलंय." नुसतं तेवढंच असतं तर ती विसरली असती. पण त्याच दिवशी दुकानात कुणीतरी विचारलं, तेव्हा दादा हसत म्हणाला होता, "बायकांनी बांधलेल्या दोराला कोण लोंबकळणार?" हे वाक्य संध्याकाळपर्यंत तिच्या कानावर आलं. तिला ते फार लागलं. दादा भितो हे तिला ठाऊक होतं, पण भित्रा म्हणवून घेण्यापेक्षा त्याला बहिणीच्या हाताला नावं ठेवणं सोपं वाटलं, हे ती गिळू शकली नाही.

त्या दिवशी ऐन वेळी आई बसली. बाजारातून येताना, भाजीची पिशवी हातात घेऊनच. वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. उस्ताद किल्ली पुढे करत राहिले आणि आई "थांबा हो जरा" म्हणत दार लावून घेत राहिली. चौथ्या मजल्यावर एका बाईंना तिनं आत बोलावून गप्पा मारल्या. तेव्हापासून उस्तादांनी नियम कडक केला: नाव एकदा दिलं की दिलं, बदली माणूस चालणार नाही. ते नाव दिलेलं माणूस आलं नाही, तर किल्ली पुढच्या वर्षी.

पुढे आत्याचा नावलौकिक झाला. एका मुलींच्या शाळेनं तिला 'आदर्श महिला' म्हणून बोलावलं. बाईंनी ओळख करून देताना "असंख्य अडचणींवर मात करून" असं म्हटलं, तेव्हा ती मध्येच म्हणाली, "अडचणी नव्हत्या हो. उस्ताद होते." एका मुलीनं विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?" आत्या म्हणाली, "वाटते की. झुरळाची. टपावर फार असतात." बाकीच्या मुली खिदळल्या, आणि त्याच शाळेत शिकणारी, मागच्या बाकावर बसलेली बटण मान खाली घालून विचार करत राहिली. घरी आल्यावर ती म्हणाली, "आत्या, झुरळं मी मारेन. मला ने."

शाळा संपल्यावर बटण उस्तादांकडे शिकली. बापानं नाक मुरडलं, पण अडवलं नाही. वर्ष सरलं आणि तिनं पहिल्या फेरीसाठी नाव दिलं. बापाचं, आणि बापाला न विचारता.

वहिनीनं कपाळावर हात मारला. "अगं, माझं नाव द्यायचं होतंस! मी डबा भरून घेऊन बसले असते. वन्सं, आता काय करायचं?"

आत्या म्हणाली, "आता मी बघते."

आदल्या दिवशी संध्याकाळी ती दुकानात गेली. दादा कापड बेतत होता.

"दादा, उद्या येतोयस ना?"

"उद्या एक गिऱ्हाईक यायचंय."

"हेच गिऱ्हाईक माझ्या वेळीपण आलं होतं ना? अजून त्याचा कोट शिवून झाला नाही?"

दादानं कात्री खाली ठेवली. "हे बघ, मला ते लिफ्टबिफ्ट जमत नाही. तिला सांग, बाबा नंतर येतील."

"आला नाहीस तर त्या दिवशी लिफ्टमध्ये कोण रडलं होतं ते मी वहिनीला सांगेन."

"तू असं करणार नाहीस."

"बरं, वहिनीला नाही सांगत. उस्तादांना सांगते. त्यांच्या गोष्टी चांगल्या लक्षात राहतात."

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. बराच वेळ तो टेपची गुंडाळी करत राहिला आणि मग बारीक आवाजात विचारलं, "किती वेळ लागतो गं वर जायला?"

आत्या त्याला आणखी छळणार होती, पण तो आवाज ऐकून तिला राहवलं नाही. "डोळे मीट आणि सावकाश एका कोटाची मापं म्हण. म्हणून झाली की पोचलास."

दुसऱ्या दिवशी दादा आला. स्वतः शिवलेला कोट घालून, केस चोपून बसवून, चेहरा पांढराफटक. जुनी इमारत, जुनी लिफ्ट: बाहेर काचेची छोटी खिडकी असलेलं दार, आत लोखंडी जाळी. तळमजल्यावर दारापाशी एक मोठी कुंडी होती. बटण सकाळपासून राबत होती. कालपर्यंत सगळं चोख झालेलं असूनही आज पुन्हा टपावर चढून तिनं दोर पुसले, कारण बाबा येणार होते. तिच्या गालाला काळं लागलं होतं.

"बाबा, वरचं शेवटचं बटण दाबा. बाकी काही करायचं नाही."

"मला माहीत आहे," दादा म्हणाला, आणि देवाघरी निघाल्यासारखा आत शिरला. जाळी ओढली, दार लागलं, बटण दाबलं. डोळे घट्ट मिटले.

लिफ्ट हलली नाही.

आतला पंखा तेवढा घरघरत होता. आत्या आणि बटण खिडकीतून बघत होत्या. दादाचे ओठ हलत होते. छाती, कंबर, पाठ, खांदा, बाही. बटणनं एकदम तोंडावर हात नेला. "आत्या! स्विच! टपावरचा स्विच मी फिरवलाच नाही!" ती दारावर थाप मारणार तोच आत्यानं तिचा हात धरला. धरायला नको होता, हे आत्यालाही कळत होतं. पण दादा आत मनगटाच्या मापापर्यंत पोचला होता आणि असलं दृश्य जन्मात पुन्हा दिसणार नव्हतं.

मापं संपली. दादानं दीर्घ श्वास सोडला, जाळी सरकवली, दार ढकललं आणि छाती पुढे काढून बाहेर आला. "बघा उस्ताद! उगाच घाबरतात लोक. काही म्हणजे काही कळत नाही हो!" मग त्यानं डोळे उघडले. समोर बहीण आणि मुलगी.

"तुम्ही कधी आलात वर? जिन्यानं?"

"दादा," आत्या कसंबसं हसू दाबत म्हणाली, "ती कुंडी बघ."

दादानं कुंडी बघितली. मग रस्ता बघितला. मग त्याचे कान लाल झाले.

वरून जिन्याच्या पोकळीतून उस्तादांचा आवाज आला, "काय झालं? फॉल्ट आहे का?"

बटणचे डोळे भरून आले होते, पण तिनं लपवाछपवी केली नाही. "उस्ताद, स्विच राहिला. माझी चूक."

मग उस्ताद म्हणाले, "मग फेरी झाली नाही. किल्ली पुढच्या वर्षी." बटणनं मान खाली घातली. अजून एक वर्ष दुसऱ्यांच्या पेट्या उचलायच्या. थोड्या वेळानं पुन्हा आवाज आला, जरा मऊ. "बंद पडलेल्या लिफ्टमध्ये पुन्हा बसायला घरचं माणूस तयार असेल, तर धरतो मी ती फेरी. विचार त्यांना."

बटणनं विचारलं नाही. तिची हिंमत झाली नाही. आत्याचं हसू कुठल्या कुठे पळालं. आपण पोरीचा हात धरायला नको होता, असं तिला मनापासून वाटलं. दादा जिन्याकडे बघत होता. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. त्यानं काढून बघितला. खरंच गिऱ्हाईक होतं. इतक्या वर्षांनी, अगदी वेळेवर.

दादानं एकदा फोनकडे, एकदा तिच्याकडे बघितलं आणि फोन कापला.

"बटण, जा, तो स्विच फिरव," तो म्हणाला. "मी आत जाऊन थांबतो." मग त्यानं जिन्याच्या पोकळीत तोंड वर करून ओरडून सांगितलं, "उस्ताद, सोबत बहिणीला घेणार आहे!"

"एकट्यानं यायचं असतं! आणि ती तर मेकॅनिक आहे. चालणार नाही!"

"मेकॅनिक वर्कशॉपात. इथं ती माझ्या घरची आहे!"

वरून उत्तर आलं नाही, म्हणजे चाललं. बटण धावली. टपावर तिच्या पावलांचा आवाज आला, स्विचचा खट्ट आवाज झाला, मग ती खाली येऊन बाजूला उभी राहिली. आत्या दादामागून आत शिरली, जाळी लागली. या वेळी दादानं डोळे उघडे ठेवले. लिफ्ट हलली आणि त्यानं आत्याचा हात असा पकडला की तिची बोटं चुरगळली.

पहिला मजला खाली गेला.

"तू रडत नव्हतीस," दादा म्हणाला. "मी रडत होतो."

"माहीत आहे. मी तिथंच होते."

"आणि ते दोराचं बोललो होतो ना दुकानात..." त्याचा आवाज अडखळला. "तुझ्या हातावर मला कधीच शंका नव्हती गं. मला भीती वाटत होती. ती सांगायची लाज वाटली, म्हणून तुला नावं ठेवली. चुकलं माझं."

या क्षणासाठी आत्यानं एकाहून एक खरमरीत उत्तरं तयार ठेवली होती. टपावर एकटी काम करताना तिनं ती कितीदा तरी घोकली होती. आता त्यातलं एकही आठवेना. नाक वाहू लागलं, आणि दादाच्या नव्या कोटाच्या बाहीत तोंड खुपसून ती हमसून हमसून रडली. दादानं तिच्या पाठीवर हात फिरवला.

"आता गावभर सांगत फिरशील," ती हुंदके देत म्हणाली, "की लिफ्टमध्ये मी रडले आणि तू धीर दिलास."

"ते तर मी आधीपासूनच सांगतोय," दादा म्हणाला.

वर दार उघडलं. उस्तादांनी दोघांचे अवतार बघितले, काही विचारलं नाही आणि किल्ली पुढे केली. दादानं ती घेतली, खिशात घातली, दोनदा चाचपली आणि सरळ जिन्याकडे वळला. "येताना लिफ्टनं यायलाच हवं असं काही नियमात नाही ना?" उस्ताद म्हणाले, "नाही." दादा उतरू लागला.

आत्या आणि उस्ताद लिफ्टनं खाली येऊन उभे राहिले तेव्हा दादा अजून वरच्या मजल्यांवरच होता. बटण पायरीशी वाट बघत होती. शेवटी तो आला, घामाघूम, दम लागलेला, आणि अर्थातच तोंडातून शब्द फुटत नव्हता. त्यानं किल्ली काढली, रुमालानं पुसली आणि मुलीच्या काळ्या हातात ठेवून मूठ मिटली. बटण त्याच्या गळ्यात पडली. कोटाची दुसरी बाहीही खराब झाली.

मग तो आत्याकडे वळला आणि हात पुढे केला. तिला कळलं नाही.

"तुझी," तो दम खात म्हणाला. "तुझी दे."

तिनं कमरेची किल्ली सोडून त्याला दिली. वापरून वापरून तिचे तिन्ही कोपरे गुळगुळीत झाले होते. दादानं तीही रुमालानं पुसली, तिचा हात ओढून घेतला, किल्ली तळव्यावर ठेवली आणि तिची बोटं एकेक करून मिटली.

"राहिलं होतं," तो म्हणाला.

आणि त्यानं मघाशी कापलेला फोन परत लावून सांगितलं, "दुकान आज बंद आहे. घरचं काम आहे."